डाव्या पेडलाचे आटे

सायकलच्या डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. ही गोष्ट आमच्या गावात सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते, असं मला नंतर निदान चौदा जणांनी सांगितलं. आधी एकानेही सांगितलं नव्हतं. सल्ल्याचा स्वभावच असा आहे. तो अपघात झाल्यावर घटनास्थळी पोचतो. मी स्वतः विमा कंपनीत नुकसान-तपासनीस आहे, म्हणजे मीही अपघातानंतरच पोचतो. तेव्हा याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

आमचं अल्डर क्रीक हे गाव टॅमल्पायस डोंगराच्या पायथ्याशी आहे. जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायचं वेड कॅलिफोर्नियात या डोंगरावर जन्माला आलं, आणि त्या पहिल्या दिवशी आपण स्वतः तिथे हजर होतो असं गावातला साठीचा प्रत्येक माणूस सांगतो. सगळेच खरं बोलत असतील तर त्या दिवशी डोंगरावर सायकल चालवायला जागाच उरली नसणार. मी त्या दिवशी सॅक्रामेंटोत अक्कलदाढ काढून घेत होतो आणि हे मी कधी लपवलेलं नाही. आमच्या घरात सायकलचं माणूस म्हणजे माझी बायको, मार्लिस.

चौऱ्याऐंशी साली, ती पंचवीस वर्षांची असताना, गावातल्या एल्डन रूड नावाच्या कारागिराने तिच्या मापाची एक डोंगरी सायकल तिला बनवून दिली. गर्द हिरवी. क्रँकसुद्धा, म्हणजे पेडल ज्यांच्या टोकाला बसतं ते दांडे, त्याने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातून काढले आणि आतल्या बाजूला तिची आद्याक्षरं ठोकली. त्यानंतर तो सायकलींना कंटाळला आणि ओरेगनमध्ये जाऊन शेळ्या पाळू लागला. सांगायचा मुद्दा, त्या दांड्यांची दुसरी जोडी जगात नाही.

गेल्या हिवाळ्यात मार्लिसच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सहा महिने ती खोलीतल्या ठोकळ्यासारख्या सायकलवर बसून भिंतीकडे बघत पाय मारत होती. आणि सप्टेंबरात गावात दरवर्षी जुन्या सायकलींची फेरी काढणाऱ्यांनी तिला विचारलं, यंदा सगळ्यांच्या पुढे तू राहशील का? डोंगर चढायचा, माथ्यावर थांबायचं, खाली उतरायचं. ती हो म्हणाली, आणि मग पाच मिनिटं काही बोलली नाही. चोवीस वर्षांच्या संसारात तिचं पाच मिनिटांचं मौन मी तेवढं एकदाच ऐकलं आहे.

फेरीला नऊ दिवस होते तेव्हा, शुक्रवारी, ती बहिणीकडे मॉडेस्टोला गेली. गाडीत बसताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते. झाडांना पाणी घाल. सायकलला हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावीन?"

"म्हणूनच सांगते."

आता माणसाने अशा वेळी काय करावं? मी पेडलांची नवी जोडी आधीच आणून मोज्यांच्या खणात लपवली होती. ती परत यायच्या आत सायकल लखलखीत करायची, नवी पेडलं चढवायची आणि दारात उभी करून ठेवायची, असा माझा बेत होता. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो दिला गेला, एवढं कबूल करायला हवं.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. उजवं जुनं पेडल सरळ निघालं. डावं निघेना. मी पाना इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि चुकून उलट्या दिशेला जोर लावला तर ते सुटलं. त्या दिवसातलं माझं हे पहिलं आणि शेवटचं यश, आणि त्यातून मी धडा घेतला तो असा की जोर लावला की सगळं होतं. नव्या पेडलांपैकी एकावर 'एल' कोरलेलं होतं आणि दुसऱ्यावर 'आर'. मी समजलो, लार्ज आणि रेग्युलर. दोन्ही मापात सारखीच दिसत होती, पण कारखान्यात कुणीतरी विचार करूनच लिहिलं असेल. मार्लिसचा डावा पाय आत्ताच बरा झालेला. मोठं पेडल बरं पडेल की साधं? साधं बरं. म्हणून 'आर'वालं पेडल मी डाव्या दांड्याला लावलं.

ते अर्धा वेढा गेलं आणि अडलं. मी पान्याला लोखंडी नळी अडकवून तरफ लांब केली. शाळेत शिकलेलं विज्ञान आयुष्यात कधीतरी उपयोगी पडतं म्हणतात, ते असं. एक बारीक, लांबलचक किंचाळी ऐकू आली. मला वाटलं शेजारची मांजर. पेडल बाहेर काढलं तेव्हा भोकातून ॲल्युमिनियमची एक चमकदार पट्टी वळवळत निघाली, सफरचंद सोलताना अखंड साल निघते तशी. भोकाच्या आत बघितलं. गुळगुळीत. आटे म्हणून काही शिल्लक नव्हतं.

"उजवं पेडल डावीकडे घातलंस?" कुंपणावरून आवाज आला.

ड्वाइट फेनर हा आमचा डावीकडचा शेजारी. रंगाच्या कारखान्यात रसायनं बघायचा, आता निवृत्त आहे आणि माझ्याकडे बघतो. "एमरी, लेका, डाव्याचे आटे उलटे असतात. चालवताना पेडल सुटू नये म्हणून. मी त्या पहिल्या उतरणीच्या दिवशीच हे..."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "तू तिथे होतास."

"होतोच. पण घाबरू नकोस. गोंद." त्याने कुंपणावरून दोन नळ्या दिल्या. त्या एकत्र कालवायच्या, भोकात भरायच्या, पेडल आत बसवायचं आणि एक दिवस सोडून द्यायचं. विमानाचे पंख या गोंदाने चिकटवतात म्हणाला. कुठल्या विमानाचे, हे मी विचारायला हवं होतं.

रविवारी दुपारी पेडल दगडासारखं बसलेलं होतं. मी सायकल रस्त्यावर काढली आणि दोन घरं उतारावर गेलो. तिसऱ्या घरासमोर माझा डावा पाय पेडलासकट सायकलला सोडून स्वतंत्रपणे पुढे निघाला. सायकल सरळ गेली, मी डावीकडे, आणि डावीकडे जुनिपरचा लॅव्हेंडरचा वाफा होता. जुनिपरचं मूळ नाव बार्बरा. सत्तर साली तिने नाव बदललं आणि खोटं बोलणं सोडलं, आणि या दोन्हींचा गावाला त्रास आहे.

ती शांतपणे बाहेर आली. वाफ्यात मी, माझ्याभोवती मधमाश्या. "हलू नकोस," ती म्हणाली. "त्यांना वाटेल तू झाड आहेस."

"जुनिपर, मला लागलंय."

"लागलेलं दिसतंय. पण त्या धातूला जास्त लागलंय. तू त्याच्याशी बोललास का एकदा तरी, जोर लावायच्या आधी?"

मी बोललो नव्हतो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, 'कुठल्या बाजूला फिरतोस रे बाबा' एवढं जरी विचारलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

दांडा सायकलवरून उतरवल्याशिवाय गोंद निघणार नव्हता, आणि दांडा उतरवायला पुलर नावाचं एक खास हत्यार लागतं. ते गावच्या हत्यार-वाचनालयात मिळतं, पुस्तकासारखं घरी न्यायचं आणि परत आणून द्यायचं. मी रजेवरच होतो, सोमवारी गेलो. टेबलामागे ऑस्ट्रँडर नावाचे गृहस्थ बसले होते. बिनपगारी स्वयंसेवक. पगारी माणूस कधीतरी कंटाळतो; बिनपगारी माणसाला नियमांतून मिळणारा आनंद हाच पगार असतो.

"राहत्या पत्त्याचा पुरावा," ते म्हणाले.

मी लायसन्स दिलं.

"यावर पोस्टातल्या पेटीचा क्रमांक आहे. तुम्ही पेटीत राहता का?"

"आमच्या गावात पत्रं घरी येतात कुठे? सगळ्यांच्याच..."

"विजेचं बिल?"

विजेचं बिल मार्लिसच्या नावावर. पाण्याचं मार्लिसच्या नावावर. घर तिच्या आईकडून आलेलं, म्हणून तेही तिच्याच. मी खिसे चाचपले आणि माझ्या ध्यानात आलं की चोवीस वर्षं ज्या घरात मी राहतो तिथे मी राहतो याचा जगात कागदोपत्री पुरावा नाही. ऑस्ट्रँडर दयाळूपणे म्हणाले, "दोन शेजाऱ्यांची लेखी साक्ष चालेल."

ड्वाइटने लिहून दिलं, 'हा इथेच राहतो.' जुनिपरने लिहिलं, 'एमरी टॉलिव्हर माझ्या गल्लीत राहतो. त्याला हत्यार देऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे, पण तो राहतो.' ऑस्ट्रँडर यांनी ते दोनदा वाचलं, शिक्का मारला, आणि 'हत्यारे सुरक्षित कशी हाताळावीत' या विषयावर मला एकट्याला तासभर व्याख्यान दिलं. शेवटी मी पुलर घेऊन बाहेर पडलो तेव्हा मला पदवी मिळाल्यासारखं वाटत होतं.

रोज संध्याकाळी मार्लिसचा फोन यायचा.

"सायकलला हात लावला नाहीस ना?"

"आत्ता? नाही," मी म्हणायचो. त्या क्षणी माझ्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सँडविच असायचं.

मंगळवारी दांडा उतरला. ड्वाइट म्हणाला, हा गोंद उष्णतेने मऊ होतो, ओव्हनमध्ये ठेव, मंद आचेवर. त्याच्या 'मंद' आणि माझ्या ओव्हनच्या 'मंद' यांत फरक पडला. शिवाय पंचवीस वर्षांचं ग्रीस त्या दांड्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात होतं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात धूर झाला, छतावरचं यंत्र कोकलू लागलं, आणि जुनिपरने अग्निशमन दलाला फोन केला. दोन गाड्या आल्या. आठ माणसं हेल्मेटं घालून माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि ओव्हनच्या काचेतून आत बघू लागली.

त्यांचा प्रमुख वहीत लिहायला लागला. "ओव्हनमध्ये काय होतं?"

"सायकलचा भाग."

त्याने लेखणी थांबवली. "किती वेळ भाजायचा असतो तो?"

मी ओव्हनचे हातमोजे घालून दांडा बाहेर काढला. प्रतिष्ठा सांभाळण्याचा तो माझा प्रयत्न होता, पण मोज्यांवर कोंबड्या छापलेल्या होत्या.

गोंद मऊ झाला होता हे खरं. उरलेला मी गोल कानशीने घासून काढला आणि अर्ध्या तासाने थांबलो तेव्हा भोक स्वच्छ होतं. बुधवारी ते मी गिलच्या सायकलच्या दुकानात नेलं. गिल कमी बोलतो. त्याने दांडा उजेडात धरला आणि भोकाला डोळा लावला.

"आटे गेले तर तिथे तयार बुश, म्हणजे आटेवाली धातूची नळी, बसवता येतो," तो म्हणाला. "भोक थोडं मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात बुश. माझ्याकडे सामान आहे."

"मग बसव."

"ते भोकासाठी असतं. हे भोक नाही, अंडं आहे. कानस कुणी लावली?"

मी दुकानातल्या घंट्यांकडे बघत राहिलो.

"नवा दांडा घाल," तो म्हणाला. मग दांडा उलटा करताना त्याला आतली अक्षरं दिसली. "मार्लिसचा आहे हा?" आता मात्र तो बसला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं, हे मला जास्त लागलं. त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर एक क्रमांक लिहिला. "व्हायेहोला एक बाई आहेत. मेअर आयलंडच्या आरमारी गोदीत कातारी होत्या. पेर्ला माकाराएग. सगळे तीता पेर्ला म्हणतात. त्यांच्याच्याने होईल, झालं तर. पण त्यांचं मन असेल तर."

तीता म्हणजे त्यांच्या फिलिपिनो लोकांत मावशी किंवा आत्या. मान द्यायचा तर तसंच म्हणायचं. गुरुवारी सकाळी फोन केला.

"तीता पेर्ला, मी अल्डर क्रीकहून बोलतोय. सायकलच्या दांड्याचं काम होतं. एमरी टॉलिव्हर."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज. मग, "एमरी टॉलिव्हर. विम्याचा?"

"हो," मी खूश होऊन म्हणालो. आपली कीर्ती खाडीपलीकडे पोचलेली कुणाला आवडत नाही?

"ये," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

खाडीच्या दलदलीकडेने गाडी चालवताना मी आठवत होतो. तपासनीस माणसाला नावं आठवत नाहीत. छपरं आठवतात.

छप्पर दिसलं आणि आठवलं. छोटं निळं घर, बाजूला गॅरेज. अकरा वर्षांपूर्वीचा तो वादळी हिवाळा. आत्ता गॅरेजच्या दारात चौऱ्याहत्तर वर्षांची एक ठेंगणी बाई उभी होती, पांढरे केस जाळीत बांधलेले, अंगात गोदीतला जुना कोट. मागे एक लेथ, धातू कातायचं यंत्र. हिरवट-करडी, घराच्या बाकी सगळ्या सामानाला लाज वाटावी इतकी स्वच्छ.

"ओळखलीस का हिला?" त्यांनी विचारलं.

"लेथ आहे."

"लेथ आहे ते मलाही दिसतं." मग त्यांनी हात मागे बांधले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं, "'सदर यंत्राचे नुकसान वादळामुळे झाले नसून, मालकाच्या निष्काळजीपणामुळे व दीर्घकालीन दुर्लक्षामुळे झाले आहे.' खाली सही. तुझी."

त्यांनी लेथवर हात ठेवला.

"एकवीस वर्षं मी याच मशीनवर पाणबुड्यांच्या झडपा कातल्या. गोदी बंद झाली तेव्हा लोकांनी लिलावात टेबलं घेतली, कपाटं घेतली. मी ही घेतली. दर शनिवारी तेल घालायचे. वाऱ्याने छपराचे दोन पत्रे उचलले आणि रात्रीतून पाणी हिच्या अंगावर पडलं. नंतर दोन वर्षं बसून मी हिचा एकेक दात साफ केला. पैशाचं जाऊ दे. पण निष्काळजी? मला?"

"तीता..."

"तू त्या दिवशी छपरावर चढला होतास का?"

माझ्या धंद्यात अशा प्रश्नाला पाच-सहा उत्तरं असतात. 'नियमाप्रमाणे पाहणी केली' हे त्यांतलं सगळ्यात चांगलं. ते माझ्या जिभेवर आलंही. पण हातात ते अंड्याच्या आकाराचं भोक होतं आणि त्या भोकातून मला माझं सगळं आयुष्य स्पष्ट दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "शिडी ओली होती. मला शिडीची भीती वाटते. मी खालूनच बघितलं आणि लिहिलं."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, एखादं माप बरोबर निघाल्यावर हलवावी तशी. "आण तो दांडा. आणि हे कसं झालं ते सांग. तुझ्या फॉर्मच्या भाषेत."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. सदर भागाचे नुकसान अचानक उद्भवलेल्या कारणाने झाले नसून चालकाने उजवे पेडल डावीकडे घातल्यामुळे, त्यावर नळी लावून जोर दिल्यामुळे, त्यानंतर गोंद भरल्यामुळे, भाजल्यामुळे व कानस लावल्यामुळे झाले आहे. मालकीण घरी नव्हती. तिने हात लावू नको म्हणून सांगितले होते.

"भाजल्यामुळे?"

"ओव्हनमध्ये."

त्यांनी तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाल्या, "यात एकही शब्द खोटा नाही. आधीच्यापेक्षा छान लिहितोस."

मग काम सुरू झालं, आणि मी आयुष्यात प्रथमच एखाद्या माणसाला काम करताना बघितलं. त्यांनी दांडा लेथच्या तबकडीवर आवळला, सुई लावून भोकाचं मूळ केंद्र शोधलं. मी कानशीने ते कुठे कुठे नेलं होतं ते त्यांना सुईच्या थरथरण्यावरून कळत होतं. "इथे तू थकलास," त्या म्हणायच्या. "इथे तुला राग आला." मग भोक गोल कातून मोठं केलं. तेवढ्या मापाचे उलटे आटे पाडायचा टॅप त्यांच्याकडे नव्हता, म्हणून आतले आटे त्यांनी हत्याराच्या टोकाने, एकेक फेरीत केसाइतकं खोल जात, लेथवरच पाडले. पोलादाच्या कांबेतून एक छोटा बुश काढला, बाहेरून आटे, आतून आटे, दोन्ही उलटे. मला काम होतं तेलाची कुपी धरायचं. "थेंब. थेंब म्हणाले, आंघोळ नाही."

मध्येच त्यांच्या सुनेने पानसितची परात आणून ठेवली. तेलकट हात धुऊन आम्ही शेवया खाल्ल्या. लिंबू पिळताना तीतांनी विचारलं, "बायको काय म्हणाली?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मार्लिस. तिने सायकलबद्दल विचारलंच नाही. म्हणाली, "ओव्हन धुतलास का?"

गुरुवारी आमचं साप्ताहिक निघतं. त्यात अग्निशमन दलाच्या नोंदी छापतात आणि गावात पहिल्या पानाच्या आधी लोक तेच वाचतात. 'मंगळवार, सकाळी अकरा दहा. रहिवासी ओव्हनमध्ये सायकलचा भाग भाजत होता. जखमी कोणी नाही.' जुनिपरने फोन करून तिला ते शब्दशः वाचून दाखवलं होतं.

"कुठला भाग?" मार्लिसने विचारलं.

"डावा दांडा," मी म्हणालो.

ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने हळूच विचारलं, "एल्डनचा?" आणि मी हो म्हणालो, आणि तिने फोन ठेवला. मी समोरच्या शेवया बाजूला सारल्या. तीता बघत होत्या. "चल," त्या म्हणाल्या, "बुश बसवायचाय. तो तू बसव."

"मी?"

"मी सांगते तसा. तुला जी दिशा बरोबर वाटेल, तिच्या उलट."

आट्यांना त्यांनी ते धरून ठेवणारं लाल औषध लावलं. मी बुश भोकाच्या तोंडाशी टेकवला. डावीकडे फिरवला. तो आत गेला, काही अडलं नाही, किंचाळी नाही. लोण्यात बोट जावं तसा, वेढ्यामागून वेढा, आणि शेवटी पृष्ठभागाच्या बरोबरीला येऊन थांबला. पांढऱ्या ॲल्युमिनियममध्ये पोलादाची एक बारीक गडद कडी. नखाला सांधा लागत नव्हता.

"काय द्यायचं?" मी विचारलं.

"एक शब्द खोडायचा."

शुक्रवारी, रजेवर असताना, मी कचेरीत गेलो. जुनी फाइल काढली, आमच्या कंपनीच्या छापील कागदावर लिहिलं की तपासनीस छपरावर चढला नव्हता, की नुकसान वादळामुळेच झालं, की 'निष्काळजीपणा' हा शब्द चुकीचा असून तो मागे घेण्यात येत आहे. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अकरा वर्षं जुनी फाइल. कुणी तक्रार केलीय?"

"नाही."

"मग हे कशासाठी?"

"मी वर चढलो नव्हतो."

साहेबांनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. त्यांच्या कारकिर्दीत या वाक्याला ठरलेला नमुना नसावा. शेवटी म्हणाले, "यावर वरून प्रश्न येतील," आणि शिक्का मारला. एक प्रत मी स्वतः व्हायेहोला नेऊन दिली. तीतांनी ती वाचली, घडी न घालता आत नेली, आणि परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "जा आता. उशीर करू नकोस."

शनिवारी मार्लिस आली. बॅगही न उतरवता सरळ गॅरेजमध्ये गेली. मी दांडा परत चढवला होता, एल डावीकडे, आर उजवीकडे, आणि दाराशी उभा होतो. ती गुडघ्यावर बसली. पेडल हाताने फिरवलं. मग अंगठा त्या पोलादी कडीवरून नेला, परत नेला.

"हे तू केलेलं नाहीस."

"बुश मी आत फिरवला."

"कुठल्या दिशेला?"

"डावीकडे."

ती अजून पाठमोरीच होती. "सगळं सांग," ती म्हणाली. मी सांगितलं. नळी, गोंद, मधमाश्या, कोंबड्यांचे हातमोजे. 'पेटीत राहता का' हे सांगताना तिला हसू फुटलं. छपराचं सांगताना ती हसायची थांबली आणि उठून माझ्याकडे वळली. "शिडीचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली. मग घरात जाऊन तिने व्हायेहोला फोन लावला आणि अर्धा तास बोलली. काय बोलली ते दोघींनीही मला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी मैदानात दोनशे जुन्या सायकली होत्या. तीता पेर्ला मुलगा आणि सून यांच्यासह आल्या, घडीच्या खुर्चीत सावलीला बसल्या. गोदीतला तोच कोट, इस्त्री केलेला. फेरी सुटायच्या आधी भोंग्यावरून पुढच्या सायकलची माहिती देतात. त्या कागदावर मार्लिसने काय लिहून दिलं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

"सगळ्यांच्या पुढे, मार्लिस टॉलिव्हर," भोंगा म्हणाला. "सांगाडा, एल्डन रूड, अल्डर क्रीक, एकोणीसशे चौऱ्याऐंशी. डावा दांडा, पेर्ला माकाराएग, मेअर आयलंड गोदी, दोन हजार नऊ."

लोकांनी माना वळवल्या, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. या गावात सांगाडा बनवणाऱ्याला टाळ्या मिळतात. आटे पाडणाऱ्याला मिळालेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. तीतांनी डोक्यावरची जाळी नीट केली आणि दुसरीकडेच बघू लागल्या, जणू ती पेर्ला माकाराएग कुणी भलतीच होती.

मार्लिस निघाली. पहिल्या चढाला मी तिच्या डाव्या पायाकडे बघत होतो. डावा खाली, उजवा खाली, डावा खाली. वळणावर ती उभी राहून पेडल मारू लागली, सगळं वजन डाव्यावर, आणि झाडांत दिसेनाशी झाली. मग दीड तास मला काहीच दिसलं नाही. ड्वाइट शेजारी उभा राहून धातूंच्या थकव्याविषयी बोलत होता. जुनिपरने मला लॅव्हेंडरचं सरबत दिलं आणि म्हणाली, "घाबरलायस. दिसतंय."

आधी धूळ दिसली. डोंगराच्या कुशीतून ती खाली येत होती, आणि तिच्या टोकाला एक हिरवा ठिपका. मागचे बरेच लांब होते. शेवटच्या उतारावर तिने ब्रेक सोडूनच दिले असावेत. खड्ड्यावरून दोन्ही चाकं हवेत गेली, ती दोन्ही पेडलांवर उभी, आणि आपटली तेव्हा सगळं वजन त्या दोन दांड्यांवर. सायकल सरळ चालत राहिली. फेरी संपते त्या दोरीच्या या बाजूला येऊन ती थांबली. तोंडभर धूळ, त्यातून दात.

मी धावत गेलो. "डावा कसा होता?"

"कुठला डावा?"

पेडल विचारतोय की गुडघा, हे मला स्वतःलाच सांगता येईना. मी नुसताच बोटाने खाली दाखवलं.

तिने खाली बघितलं. आधी गुडघ्याकडे, मग पेडलाकडे. कुणीतरी विसरलेल्या वस्तूची आठवण करून द्यावी तसा तिचा चेहरा झाला. "वरून निघाल्यापासून आठवणच झाली नाही," ती म्हणाली.

खुर्चीतून तीतांनी हात वर केला. "आण इकडे ती सायकल," त्या म्हणाल्या. आम्ही नेली. त्यांनी चष्मा चढवला, वाकल्या, पोलादी कडीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि नख फिरवून बघितलं.

"हललेला नाही," त्या म्हणाल्या. मग मार्लिसला उभी बघून मुलाला सांगितलं, "तिला बसायला दे." आणि तो स्वतःची खुर्ची देऊ लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं, आपण उठल्या, मार्लिसला आपल्या खुर्चीत बसवलं, आणि स्वतः सायकलचं हँडल धरून, पाठ ताठ करून, तो दांडा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा बेताने डाव्या बाजूला उभ्या राहिल्या.